बाळंतिणीची हिरवी बाज

मुक्ताबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी चूल बघायच्या, मग पाण्याचा माठ, आणि मग माणसं. बोलायच्या नाहीत काही. बघून ठेवायच्या. पुढं कधीतरी, चार लोकांत, तो माठ बरोबर बाहेर निघायचा. केडगावकडच्या त्यांच्या भावकीला हे ठाऊक होतं आणि इनामगावच्या संपतला तर पाठच होतं, कारण त्याची बहीण सुषमा त्यांची सून होती.

सुषमाचं पहिलं बाळंतपण माहेरी करायला मुक्ताबाईंनी होकार दिला, पण मोकळ्या हातानं दिला नाही.

"बाराव्याला बारशाला येईन," त्या म्हणाल्या. "समदं रीतीनं असलं, तर सव्वा महिना ऱ्हाऊ द्या. पण रीतीत कुठं खोट दिसली, तर आल्या जीपमधनं दोघांना नेईन. मग कुणी आडवं यायचं न्हाई."

त्यांच्याकडं ऊसतोड सुरू होती, गोठा भरलेला, घरात खाणारी तोंडं डझनभर. नेणं म्हणजे सुषमा दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी थापायला चुलीपुढं. आणि शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी तर आधीच बजावलं होतं, की पोरीच्या अंगात रक्त नाही. बाळंतपणानंतर सव्वा महिना तिला उठवलंत तर मला तोंड दाखवू नका.

संपतनं हिशेब केला : खोट दिसायची नाही, म्हणजे झालं. रांजणगावच्या कंपनीत चार वर्षं वरचा रंग बघून माल पास होताना पाहिल्यावर माणसाला असं वाटायला लागतं.

पहिली अडचण बाजेची होती. घरात लोखंडी कॉट होती, पण बाळंतिणीच्या खाली विस्तवाची शेगडी ठेवायची, तिचा शेक पाठीला लागला पाहिजे. लोखंडावर ठेवून पोरगी भाजायची का? सुंभानं विणलेली लाकडी बाजच हवी. पूर्वी होती. संपतचे वडील गेणबा मेंढरांमागं हिंडायचे तेव्हापासूनची, बाभळीच्या खुरांची, म्हणजे पायांची. पण मागच्या वर्षी गेणबा गेले आणि तेराव्याला ती बाज, अंथरूण, छत्री आणि नवा जोडा भटजींना दान दिला. मुक्ताबाई त्या दिवशी समोरच बसल्या होत्या. छत्री काळी का पांढरी, हेसुद्धा त्यांनी बघून ठेवलं असणार.

म्हणून संपत बाजारच्या दिवशी शिरूरला गेला आणि जुन्या सामानाच्या दुकानातून एक बाज उचलून आणली. सुंभ तुटलेलं, लाकडावर तांबडा रंग थापलेला, पण सांधे घट्ट. येता येता भेटेल त्याला सांगत आला, "आणली बाज! अशी रंगवतो, अशी रंगवतो की नवीन सुताराला लाजवंल!" कंपनीतल्या पेंटिंग खात्यातल्या भय्यानं त्याला सगळं शिकवून ठेवलं होतं. आधी घासाई, फिर लांबी, फिर रंग.

अंगणात बाज उलटी टाकून तो काचकागदानं घासायला बसला. आई, बयाबाई, मळ्यात मेथी खुडत होती. दोन खूर झाले, तिसऱ्या खुराचा तांबडा रंग निघाला आणि खाली लाकडात कोरलेली एक खाच दिसली. एक वाकडी चंद्रकोर, तिच्याखाली दोन चिरा.

संपतचा हात थांबला.

ती त्यांच्या मेंढरांच्या कानाची खूण होती. मेंढपाळांच्या प्रत्येक वाड्याची आपली वेगळी असते. रानात हजार मेंढरं एकत्र झाली तरी कान बघून आपलं जनावर ओळखता येतं. गेणबांनी चाकूनं तीच खूण बाजेच्या खुरावर कोरली होती, दुसऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली असताना बाज बदलू नये म्हणून.

भटजींनी बाज विकली असेल. दान त्यांचं, त्यांनी काहीही करावं. दुकानदारानं तांबडा रंग फासला असेल. त्याचा तो धंदा. कुणाची चूक काढायला जागाच नव्हती, आणि तरी मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेली बाज त्याच्याच घरात, त्याच्याच लेकीच्या बाळंतपणाला परत आली होती. मुक्ताबाईंना याहून मोठी खोट शोधून सापडली नसती.

परत नेऊन टाकावी, तर सगळ्या वाडीला दाखवून झालेली. दुसरी शोधावी, तर सुषमाचे दिवस भरलेले, कधीही शिरूरला दवाखान्यात न्यावं लागेल. संपतनं इकडंतिकडं पाहिलं, खडूची लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, कालवली, खाच गच्च भरली, वर काचकागद मारला आणि हिरवा ऑइलपेंट दिला. एक हात, मग दुसरा. चुड्यासारखी हिरवीगार बाज उभी राहिली. बयाबाई मळ्यातून आली, कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"लई ग्वाड केलीस रं," ती म्हणाली. "आबा असते तर पयलं तेच लवंडले असते हिच्यावर."

संपतनं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि बराच वेळ तो धुतच बसला.

पोरगा झाला. दोन दिवसांनी सुषमा दवाखान्यातून घरी आली, पांढरीफटक, भिंतीला धरून. बाजेवर निजली आणि बयाबाईनं खाली शेगडी सरकवली. त्या क्षणी संपतच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घासाई, लांबी, रंग, वाळवण, सगळं त्यानं हिशेबात धरलं होतं. खालचा विस्तव धरला नव्हता. भय्याच्या गावची रीत भय्याला ठाऊक, इथली संपतला ठाऊक असायला हवी होती.

न्हाऊ घालायला येणाऱ्या गिताबाईंनी पहिल्याच दिवशी नाक उडवलं. "काय गं बया, बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी असती. हितं तर रंगाच्या डब्यात बसल्यागत वाटतंय."

"नवी बाज हाय," संपत म्हणाला. "जाईल वास."

वास गेला. पण शेकानं लांबी आटत चालली. आधी खुरावर केसासारखी रेघ आली, मग दुसरी. संपत कामावरून आला की आधी बाळ बघायचं सोडून खूर बघायचा. एकदा त्यानं गोधडीचं टोक खाली सोडून खूर झाकला, तर बयाबाईनं ते ओढून काढलं.

"येडा का खुळा तू? खाली विस्तव, वर गोधडी! पेटवायचीय का लेकरं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सुषमा जागी होती, बाळ निजलेलं. तिचा हात बाजेखाली लोंबत होता. संपत आत आला तशी ती हळूच म्हणाली, "दादा, दार लोट."

त्यानं लोटलं.

"हिकडं बोट घाल. मी बारकी असताना आबाच्या कुशीला निजायची आन् ह्या खाचंत बोट घालून ठेवायची. तवाच झोप यायची. काल निम्मी लांबी माझ्या हातात आली." तिनं मूठ उघडून खडूचा चुरा दाखवला. "तू भरलीस न्हवं?"

"मला ठावं नव्हतं गं, घेतली तवा. आईची शप्पथ."

"मी रागावलीय का? मला हितं आल्यापासनं झोप लागतीय. पर आत्याबाईंना कळलं तर मला ह्याच पावली नेत्याल. दादा, मला आत्ता उभं ऱ्हायलं तरी डोळ्यांपुढं अंधारी येती." ती छताकडं बघत राहिली. "त्यांना ती खूण ठावी हाय. लग्नात आबांनी आंदण दिलेली मेंढी त्यांच्या गोठ्यात हाय. तिच्या कानाला हीच खूण. रोज सकाळी त्याच सोडत्यात तिला."

हे संपतच्या लक्षातच आलं नव्हतं. बारशाच्या आदल्या संध्याकाळी त्यानं नवी लांबी भरली, जाडसर, आणि वर रंग चोपडला. पण घाईत चोपडलेला जाड रंग वर साय धरतो, आत ओलाच राहतो.

बारशाला जीप आली. मुक्ताबाई उतरल्या, त्यांच्यामागं त्यांचा लेक हौसराव. संपतनं वाकून पाया पडता पडता जीपमध्ये पाहिलं. मागच्या बाकावर गादी अंथरलेली होती. उशीसुद्धा होती. बाई निकाल लावूनच निघाल्या होत्या. फक्त कलम शोधायचं बाकी होतं.

मुक्ताबाईंनी चूल पाहिली. माठ पाहिला. पाळणा हलवून पाहिला. गिताबाईंना विचारलं, "तेल कंचं लावता?" काही सापडलं नाही. मग त्या सुषमाच्या बाजेपाशी आल्या.

"बाज नवी दिसती."

"व्हय मावशी," संपत म्हणाला, "तुम्ही हितं खुर्चीवर बसा की. पंख्याखाली."

"का? बाजेवर बसले तर मोडंल व्हय?" आणि त्या पायथ्याशी बसल्या. बसताना आधाराला त्यांनी हात खाली सोडला, नेमका त्या खुरावर.

सुषमानं डोळे मिटून घेतले.

मुक्ताबाईंनी हात वर घेतला. सगळा तळवा हिरवा. बोटांना ओली लांबी चिकटलेली. त्यांनी आधी हाताकडं पाहिलं, मग वाकून खुराकडं. खोलीत बायका होत्या, पाळण्याला फुलं बांधत होत्या. एकेक करून सगळ्या वळून बघू लागल्या. मुक्ताबाईंनी पदरानं नाही, अंगठ्यानंच उरलेली लांबी बाहेर काढली. चंद्रकोर. दोन चिरा.

"ही खूण मी रोज बघते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर संपतला बरं वाटलं असतं. "तेराव्याला दान दिलेली बाज, रंग फासून, माझ्या सुनंखाली घातली? माझा नातू मेल्या मानसाच्या बाजेवर निजवला?"

"मावशी, बाजारात घेतली वो. घासल्यावर कळलं..."

"कळल्यावर रंग दिलास. म्हंजी कळून दिलास." त्या उठल्या. "हौसा, जीप फिरव. सुषमे, ऊठ. नाव तिकडं ठेवू."

सुषमा कोपरावर उठली, आणि तेवढ्यानंच तिच्या कपाळावर घाम फुटला. संपत आईकडं बघेना. बयाबाईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती पुढं आली, खाली बसली, आणि तिनं खाचेत बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. तिचा चेहरा कुणाला दिसला नाही. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"विहीणबाई," ती म्हणाली, "एक इचारू? रीत तुमच्याइतकी मला कळत न्हाई."

"इचारा."

"तुमची पयली लेकरं जगली न्हाईत. हौसराव झाले तवा तुम्ही त्यांना सुपात घालून शेजारणीला दिलं आन् मूठभर बाजरी देऊन परत घेतलं. म्हणून घरात अजून त्यांना भिका म्हंत्यात. खरं का?"

दारात हौसरावांनी मान खाली घातली. एवढा मिशीवाला बाप्या, पण ते नाव चार बायकांत निघालं की त्यांचं तेच व्हायचं.

"खरं," मुक्ताबाई म्हणाल्या. "तसं केलं म्हणूनच जगला. त्याचा हितं काय संबंध?"

"शेजारणीच्या दारात निस्तं सूप ठेवलं तर पोर तिचं झालं. हे पोर तर नऊ राती आमच्या मालकाच्या बाजेवर निजलं. तुमच्याच रीतीनं ते आता कुणाचं?"

पाळण्याला बांधलेला झेंडू खाली पडला, तो उचलायलाही कुणी वाकलं नाही.

"मालक न्हाईत," बयाबाई पुढं म्हणाली. "म्हंजी आता ते माझं. न्यायचं तर न्या. मी अडवत न्हाई, तसं बोलणंच झालंय आपलं. पर सुपात घालून मी दिलं न्हाई, तुम्ही मूठ भरली न्हाई, आन् तसंच मेल्या मानसाचं पोर उंबऱ्याभाईर काढलं, तर पुढचं मला इचारू नका."

मुक्ताबाई उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना रीत मोजून दिली होती. तीच रीत आता मापासकट त्यांच्यापुढं ठेवलेली. हिरवा हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता, साडीला लागू नये म्हणून, आणि त्यामुळं त्या काहीतरी मागत असल्यासारख्या दिसत होत्या.

"मग द्या," शेवटी त्या म्हणाल्या. "सूप आणा. बाजरी हाय माझ्या पिशवीत."

"आज न्हाई जमायचं."

"का?"

"बाळंतीण बाजंवर हाय तवर पोर बाजंचं. ती सव्वा महिन्यानं उतरंल. तवा या. सूप भरून ठेवते. आन् बाजरी नको." बयाबाईनं खुराकडं पाहिलं. "ती आंदणाची मेंढी हाय न्हवं तुमच्याकडं? तिची मूठभर लोकर आणा. मालकांना बाजरीपरीस ती ओळखीची."

गिताबाईंनी पदर तोंडाला लावला. सुषमा परत आडवी झाली होती; तिचा हात आपोआप खाली गेला होता.

मुक्ताबाई बराच वेळ बयाबाईकडं बघत राहिल्या. माठ बघायच्या, तसं. काहीतरी बघून ठेवलं जात होतं, पण या वेळी ते चार लोकांत निघेल असं वाटत नव्हतं.

"रॉकेल आण रं," त्या संपतवर खेकसल्या. "का हिरव्या हातानं नातवाला पाळण्यात घालू? कंपनीत जातो म्हणं! रंग वाळत न्हाई ह्याचा!"

पोराचं नाव रुद्र ठेवलं. मुक्ताबाईंनीच कानात सांगितलं. जेवणं झाली, जीप वळली, तशी त्यांनी हौसरावांना थांबवलं आणि मागची गादी उतरवायला लावली.

"ठिऊन घ्या. सुंभ टोचत आसंल तिला."

"गादीवर शेक लागत न्हाई, विहीणबाई."

"ठावं हाय मला!" मुक्ताबाई म्हणाल्या. "शेगडी काढल्यावर घाला. रीत मला शिकवता व्हय?"

जीप गेली. संपत रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आत आला, तर बयाबाई खुरापाशी काडीनं खाचेतला उरलासुरला हिरवा रंग कोरून काढत होती.

"ठेव तो डबा," ती मागं न बघता म्हणाली. "आन् हितनं पुढं बाजारातनं काय बी आणलंस, तर आधी मला दाखव. मग घास."