लोकरीचं पुरळ

आमच्या घरात खाज ही कुणा एकीची कधीच नव्हती. आई आणि मावशी दिवसभर लहान मुलांचे लोकरी कोट शिवायच्या, शाळेतून आले की मी बटणं लावायची, आणि तिघींच्याही मानेवर पुरळ. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीच्या मानेवर लाल ठिपके उठले तेव्हा मावशी म्हणाली, "घ्या, ही पण लागली कामाला." आम्ही पोट धरधरून हसलो.

परवान्याशिवाय घरात माल शिवायला बंदी होती. आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर गल्लीत शिरला की शेजारीण भिंतीवर टकटक करायची. मग कोट पलंगावर पसरायचे, वर दुलई, आणि दुलईवर धाकटी. झोपलेल्या लेकराला उठवायला कुणाचा हात धजावेल? ठिपके उठले त्याच दिवशी टकटक झाली, तेव्हा तर तिला दटावून निजवावंही लागलं नाही. पडल्या पडल्या डोळे मिटले तिने. शहाणी झाली, म्हटलं.

इन्स्पेक्टरने खिडकी उघडून पाहिली, नळाखाली वाकून पाहिलं. मी मागे मागे फिरत शाळेत शिकलेलं सगळं त्याला ऐकवलं, स्वच्छ हवा, ऊन, उकळलेलं पाणी. तो हसत होता. जाता जाता त्याने धाकटीच्या गालाला हात लावला आणि तो हात तिथेच राहिला. मग त्याने तिच्या कानामागे पाहिलं.

"गोवर आहे, बाई."

"छे हो साहेब, लोकरीचं पुरळ आहे ते," आई बोलून गेली.

कुठली लोकर, हे त्याने विचारलंच नाही. धाकटीला उचलून आईच्या कडेवर दिलं आणि दुलई बाजूला केली.

हे कोट दुसऱ्यांच्या लेकरांच्या अंगावर जायचे, सगळे जाळावे लागतील, असं तो म्हणाला. मावशीने हातापाया पडून सांगितलं की माल शेटचा आहे, हा गेला तर पुन्हा कापड मिळायचं नाही. मग मी पुढे झाले.

"आम्ही उकळून देतो ना. उकळलं की जंतू मरतात, आमच्या बाईंनीच सांगितलंय."

"मरतात," तो म्हणाला. "पण लोकरीचं काय होतं, ते आईला विचार."

विचारायचं काय? उकळलेला कोट बाहुलीलाच येतो.

बटणं उकळून ठेवता येतील, तेवढी काढून घ्या, असं म्हणून तो शेजारणीच्या दारी गेला. त्याचा शिपाई पोतं घेऊन उंबऱ्यात थांबला. आम्ही कात्र्या घेऊन बसलो. कापड फाटेल पण बटण सुटणार नाही, असा टाका आईने मला शिकवला होता. तसंच होत होतं. एकेका बटणासोबत लोकरीचा तुकडा हातात येत होता.

"जरा सैल लावली असतीस तर गं," मावशी म्हणाली.

आईच्या मांडीवर धाकटी मान खाजवत होती. शिपायाने पोत्याचं तोंड आणखी रुंद केलं.