एकमताची अट

माझ्या आईचं आणि सासूबाईंचं पटत नाही, म्हणून तर गावाने त्यांना तलावावर नेमलं होतं. हे समजायला फार अक्कल लागत नाही. संस्थेच्या लोकांना मात्र ते शेवटपर्यंत समजलं नाही.

गावाच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याचा तलाव आहे. त्याला बांध म्हणजे नुसता दगडमातीचा ढिगारा. आम्ही इथले मूळचे, आज्या-पणज्यांपासून त्यावर नजर ठेवतो. रीत एकच: पाहणी करायची ती एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोघांनी. एक म्हणाला पाणी चढलंय, की दुसरा त्याला खोटं पाडायला स्वतः वर जाऊन बघतो. आणि अशा दोघांचं एकमत झालंच, तर गाव भांडीकुंडी टाकून पठारावर पळतं. विहिणींपेक्षा पक्की जोडी आणखी कुठे मिळणार?

मग एका संस्थेचा निधी आला. हवामान-बदलाचं निरीक्षण म्हणे, मूळ रहिवाशांच्या नेतृत्वाखाली. नेतृत्व आमचं, अटी त्यांच्या. आम्ही मागितले वर जाणाऱ्यांना धड बूट. मिळाल्या टोप्या, फलक आणि एक समन्वयक बाई. बाई गोड होती, हीच तर पंचाईत. दोघींच्या उलटसुलट नोंदी पाहून तिने कपाळाला हात लावला. वरच्यांना एकच उत्तर हवं, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो. म्हणून तिने कार्यशाळा घेतली आणि विहिणींना समोरासमोर बसवून एकमेकींचे गुण सांगायला लावले. सासूबाईंना आईचा एकही सापडेना, तेव्हा बाईनेच एक सुचवला. शेवटी दोघींनी मिठी मारली, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. मी तेवढी टाळी वाजवली नाही. तलावातून निघणाऱ्या नदीच्या काठचं शेवटचं घर माझं.

त्यानंतर अहवाल कसे झकास जायला लागले! पातळी स्थिर, खाली दोघींच्या सह्या, हप्ता वेळेवर.

उन्हं तापली आणि नदीला अचानक गढूळ पाणी आलं. नवरा म्हणाला, दोघी ठीक म्हणतायत ना, मग झालं. मी तडक आईकडे गेले आणि विचारलं, तू वर गेली होतीस का?

"तुझ्या सासूने सांगितलं ठीक आहे," आई म्हणाली. "आता तिच्यावर अविश्वास कसा दाखवू? बरं दिसतं का ते?"

सासूबाईंनी हेच ऐकवलं, फक्त 'तुझ्या आईने' म्हणून. धन्य त्या दोघी! एवढा संताप मला जन्मात आला नव्हता.

मग कुठल्याही सुनेने करू नये ते मी केलं. लग्नापासून जे जे गिळून बसले होते, ते ओकून टाकलं. सासूबाईंना सांगितलं, आई म्हणते त्या घरात माणसांपेक्षा कुलपांना मान. आईला सांगितलं, सासूबाई म्हणतात मुलीला सगळं दिलं, वळण तेवढं द्यायचं राहिलं. तिखटमीठ लावायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघी एकमेकींना खोटं पाडायला वर चढल्या. आई आधी उतरली. बांध खालून पाझरतोय, म्हणाली. मागून सासूबाई धापा टाकत आल्या. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. आईचं खरं म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"खरंय तिचं," त्या शेवटी म्हणाल्या.

गाव पळालं. सूर्य मावळायच्या आत बांध फुटला. माणूस एकही गेलं नाही. माझं घर गेलं, चुलीसकट. मी पठारावरून बघत होते आणि रडत होते.

संस्थेने अहवालात तो मिठीचा फोटो छापलाय, खाली ओळ: एकोप्याने वाचलेलं गाव. इथे तंबूत आई माझ्या एका बाजूला झोपते, सासूबाई दुसऱ्या. एकमेकींशी तर नाहीच, माझ्याशीही बोलत नाहीत. सगळ्या भांडणाचं मूळ मी, यावर मात्र दोघी ठाम आहेत.

काल समन्वयक बाई आली. आम्हा तिघींसाठी कार्यशाळा मंजूर झालीय, तुम्ही पुढाकार घ्याल ना, असं तिने विचारलं.

"मॅडम," मी म्हटलं, "वर अजून अर्धा तलाव शिल्लक आहे. त्या दोघी पुन्हा गोड बोलायला लागल्या, तर मी तुमच्याकडेच राहायला येईन. मला आता घर नाही."