पहिल्या वर्गाचं दार

गोपाळमास्तर माझ्या दारात आला तवा मी ज्वारी पाखडून राहिले व्हते. हातात मिठाईचा पुडा, तोंडावर हसू. मनात म्हणले, आलं बेनं. इतकी वर्सं ह्याला आमच्या तांड्याची वाट म्हाईत नव्हती!

गोपाळ म्हंजे आमच्या टेसनावरचा जुना तिकीटबाबू, गाव त्याला मास्तर म्हणतं. रिटायर झाल्यापसून त्याला टेसनाच्या जुन्या इमारतीचं याड लागलंय. निजामाच्या वक्ताची इमारत ती. काळा घडीव दगड, चुन्याचं बांधकाम, कमानीची दारं, सागवानी छत, वर कौलं. आता बाजूला नवी झाली, म्हणून जुनी पाडून तिथं गाड्या उभ्या करायला जागा करनार म्हणतात. हा मास्तर घावंल त्याला फिरवून ती दाखवतो. बायको वारली, पोरगं पुण्याला, ह्याचा जीव त्या भिंतींत. समद्या गावाला ते ठाऊक हाय.

"नानीबाई, रविवारी रेल्वेच्या मोठ्या मॅडम येणार आहेत," तो म्हणला. "पाडायची का ठेवायची, त्याच ठरवतील. तुमच्या वाडवडलांनी बैलांवर दगड-चुना वाहिला, ते त्यांना कळू द्या. तुमच्या बाया तो आरशांचा पोशाख घालून आल्या, थोडं नाचल्या, तर इमारत वाचेल बघा."

नाचायचं! कोनताबी साहेब येवो, आमाला घागरे घालून नाचायला बोलवायचं ही ह्या गावाची खोडच हाय. दगड वाहिला ते खरं. माझा आजेसासरा बैलांवर मीठ आन धान्य वाहायचा. त्याच बैलांवर त्यानं टेसनाचा चुना आणला, मग आगगाडी आली आन आमचाच धंदा बसला. पर त्येचा मला राग न्हाई. माझा राग एका दाराचा हाय.

तवा छोट्या रुळाची गाडी व्हती. वैशाखाचं ऊन माझ्या रीताच्या डोक्यात गेलं. एवढंसं लेकरू, अंग तव्यावानी तापलेलं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून टेसनावर आले, तर गाडी लेट. पत्र्याखाली बसवंना. पहिल्या वर्गाच्या तिकीटवाल्यांची बसायची खोली रिकामी व्हती, कमानीच्या दाराला वाळ्याचा पडदा, आत पान्याचा माठ. मी उंबऱ्यात पाय ठेवला तर हा गोपाळ आडवा. "तिकीट दाखव." म्हणले, बाबू, पोरगी जळून राहिली, नुसती सावलीला टेकू द्या. "ही खोली तांड्यासाठी नाही," म्हणला आन आतून कडी घातली. मी दार बडवलं, पाया पडते म्हणले, बोंबलले. आतून पंख्याचा आवाज येत व्हता. गाडी आली तवा रीता माझ्या मांडीवर थंड पडली व्हती.

आन आता हा मिठाई घेऊन आला. त्याला ते दार याद हाय का न्हाई, त्येचाबी पत्ता लागंना.

"येते की," मी म्हणले. "समद्या बायांना आणते." तो गेल्यावर मिठाई कुत्र्याला घातली.

माझी नणंद रूपाबाई भडकली. "काहून गं वयनी, लाज विकली का? त्याच्यासाठी नाचनार?"

"नाचनार कोन? रडायला चल. त्याच्या डोळ्यादेखत ती इमारत पाडून घेते का न्हाई बघ."

आमच्यात मयताच्या घरी बाई गेली की गळ्यात गळा घालून सुरात रडते. गेलेल्याचं नाव घेते, काय झालं ते समदं रडण्यात सांगते. रीता गेली तवा मी कुनालाच गळ्यात पडू दिलं नव्हतं. राग उतरंल म्हणून भ्याले व्हते.

रविवारी टेसनावर ही गर्दी. मास्तर पांढराफेक सदरा घालून मॅडमला कमानी दाखवून राहिलेला. "आता तांड्यातल्या भगिनी नृत्य सादर करतील," त्यानं माईकवर सांगितलं. ढोल वाजला. मी सरळ जाऊन पहिल्या वर्गाच्या दारात बसले, रूपाबाईच्या गळ्यात हात टाकले आन सूर लावला. आमच्या बोलीत न्हाई, मराठीत. गावाला कळाया पायजे ना!

"रीता गं माझे बाई, ह्या दारात तू पानी मागितलं... ह्या दाराला बाबूनं आतून कडी घातली..."

बाकीच्या बायाबी बसल्या. ढोल आपोआप थांबला. मॅडम जवळ आल्या, म्हणल्या, "काय झालं होतं इथं?"

"मास्तरला इचारा. समद्यांना तोच दाखवतो की इमारत."

तो खोटं बोलंल असं मला वाटलं व्हतं. खरं सांगते, तेच पायजे व्हतं मला, त्याच्या थोबाडावर थुकता आलं असतं. पर तो भिंतीला टेकला. "कडी मी घातली," म्हणला. "पोरीचं रडणं आत ऐकू येत होतं. पुढं थांबलं, तेही कळलं. तेव्हापासून मी कुणालाही ह्या दाराशी आणत नाही." मग माझ्यासामने हात जोडले. "पाडू द्या नानीबाई. पाडलेलीच बरी."

"आजी, तुमचं काय म्हणणं?" मॅडमनं इचारलं. "मी ते लिहून घेते."

पाडा, हे माझ्या जिभेवर आलं व्हतं. तेवढ्यात मास्तरच्या तोंडाकडं ध्यान गेलं. पाठीवरचं पोतं आता उतरनार, असं तोंड. अस्सं व्हय! दार गेलं की हा मोकळा. तिथं गाड्या उभ्या राहनार आन हा घरी पाय ताणून झोपनार. माझ्या रीताचं मरणबी त्याच मलब्यात जानार.

"ठेवा," मी म्हणले. "एक दगड हलवू नका. फकत ह्यानं जो येईल त्याला आधी ह्या दारात आणायचं, आन काय केलं ते सोताच्या तोंडानं सांगायचं. जिता हाय तवर."

लोकांनी टाळ्या पिटल्या. "आजीनं माफ केलं!" कुनीतरी वरडलं.

"माफ? कुनाच्या बापानं केलं रं माफ?" मी म्हणले. टाळ्या बंद पडल्या.

इमारत ऱ्हायली. म्हैन्यानं शाळेची पोरं बघायला आली. मला खबर लागली तशी मी जाऊन दारासामनेच्या बाकड्यावर बसले. मास्तर पोरांना कमानी दाखवत दाखवत आला, मला पाहिलं आन तिथंच थबकला. म्हातारा झालाय.

"गुरुजी, ह्या खोलीत काय होतं?" एका पोरीनं इचारलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नजर हटवली न्हाई.

"सांग," मी म्हणले. "पोरीचं नाव घेऊन सांग."