सखूबाईच्या तोंडून

तुळजापुरात नारायणराव मास्तरांच्या घरी दोनच माणसं राहत होती आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. भांडण होतं म्हणाल तर तसं मुळीच नव्हतं. सासऱ्याने सुनेशी आणि सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्या घरची रीत होती, आणि रीत म्हटली की मास्तर तिला सरकारी हुकमापेक्षा जास्त भ्यायचे. अन्नपूर्णाबाई होत्या तोवर काही अडत नव्हतं. "तिला सांग, उद्या एकादशी आहे," असं मास्तर बायकोला म्हणायचे. वनमाला बहुतेक वेळा सासूबाईंच्या मागेच उभी असायची, शब्द न् शब्द तिच्या कानावर पडलेला असायचा. तरी सासूबाई मान वळवून तेच पुन्हा म्हणायच्या आणि मगच ते वनमालाने ऐकलं असं धरायचं. मुलगा गोपाळकृष्ण पाच वर्षांपूर्वी विषमज्वराने गेला. गेल्या साली अन्नपूर्णाबाईही गेल्या आणि घरात निरोप पोचवणारं माणूसच उरलं नाही.

उरली सखूबाई. ती धुण्याभांड्याला सकाळ-संध्याकाळ यायची. ती आली की घरात बोलणं सुरू व्हायचं आणि गेली की बंद. एखादी गोष्ट दुपारी बाराला आठवली तर मास्तर ती संध्याकाळपर्यंत तोंडात धरून बसत. स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं, पण ती दहा पावलं त्यांना कधी ओलांडता आली नाहीत. घर खायला उठतं म्हणतात ते काय, हे मास्तरांना त्या दुपारींनी शिकवलं.

अठ्ठावन्न साली दिवाळी झाल्यावर एका सकाळी सखूबाई राखेचे हात तसेच घेऊन सोप्यात आली.

"बाई म्हंत्यात, म्या मॅट्रिकला बसू का?"

मास्तरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू सखूबाईच परीक्षेला निघाली होती. मग त्यांना उलगडा झाला. वनमाला माहेरी, सोलापूरला, नववीपर्यंत शिकलेली. बाकीचे विषय ती रेटून नेणार होती, इंग्रजीत मात्र घोडं पेंड खात होतं. आणि इंग्रजी हाच मास्तरांचा विषय. निजामाच्या अमदानीत अठ्ठावीस वर्षं त्यांनी पोरांना इंग्रजी व्याकरण उर्दूतून शिकवलं होतं. राज्य गेलं, शाळा मराठी झाली, मास्तर पेन्शनीत निघाले, तरी उत्तर बरोबर आलं की त्यांच्या तोंडून अजून "दुरुस्त" हाच शब्द यायचा.

"बसावं म्हणावं," मास्तर म्हणाले. "पाटी घेऊन ये."

शिकवणी सुरू झाली. तशी शिकवणी साऱ्या जिल्ह्यात कुठं झाली नसेल. मास्तर सोप्यात तक्क्याला टेकून, वनमाला स्वयंपाकघराच्या दाराआड, आणि मधे सखूबाई. इंग्रजी काही सखूबाईच्या तोंडून जाईना, म्हणून पाटी. एकाने दुसऱ्याला काय म्हटलं ते मास्तर पाटीवर लिहायचे आणि तेच वनमालाने तिसऱ्याला सांगितल्यासारखं फिरवून लिहायचं. त्यात ‘मी’चा ‘तो’ होतो, ‘इथे’चं ‘तिथे’ होतं, ‘आज’चं ‘त्या दिवशी’. पोरांना यात नेहमीच घाम फुटायचा. वनमालाला आठ दिवसांत जमलं. का जमणार नाही? तिने लग्न झाल्यापासून दुसरं काय केलं होतं?

सखूबाई पाटी दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून न्यायची. तिला अक्षर कळत नव्हतं, पण पुसलं जाऊ नये हे कळत होतं.

पुस्तकातली वाक्यं पौष संपायच्या आत संपली. राजा प्रधानाला काय म्हणाला, कोल्हा करकोच्याला काय म्हणाला, सगळं झालं. मग मास्तर मनची वाक्यं घालू लागले. एके दिवशी त्यांनी इंग्रजीत लिहिलं, म्हातारा म्हणाला, "आज भाजीत मीठ जास्त आहे." वनमालाने ते फिरवून लिहिलं, कुठंही चूक नाही, आणि रात्रीच्या भाजीत मीठ बेताचं पडलं. दुसऱ्या दिवशी पाटी परत आली तेव्हा उत्तराखाली एक जास्तीची ओळ होती. मुलीने विचारलं की म्हाताऱ्याने खोकल्याचा काढा घेतला होता का. मास्तरांनी ती ओळ तीनदा वाचली, कोपऱ्यात "दुरुस्त" लिहिलं आणि उठून काढा घेतला.

पुढे तर हे रोजचंच झालं. पाटीवरचा म्हातारा सांगायचा की त्याला गुडघ्यामुळे झोप येत नाही. पाटीवरची मुलगी सांगायची की तिला आईची आठवण आली होती. म्हातारा विचारायचा की तिने नवीन लुगडं का नेसलं नाही. त्या इंग्रजी म्हाताऱ्याला आणि मुलीला कसली रीत नव्हती. मास्तर सकाळी उठले की आधी आज काय लिहायचं याचा विचार करत. पासष्टीला आलेला माणूस, पण पाटी यायला उशीर झाला की दोनदा आत डोकावून परत यायचा.

आणि इथंच मास्तरांचा लबाडपणा सुरू झाला. फेब्रुवारीत वनमालाचं सगळं तयार होतं. मास्तरांना ते दिसत होतं. पण शिकवणी संपली की पाटी संपणार. म्हणून ते सखूबाईला म्हणाले, "प्रश्नाची वाक्यं कच्ची आहेत म्हणावं. अजून महिनाभर सराव पाहिजे." सखूबाईने सांगितलं. आतून "बरं म्हणावं" आलं. प्रश्नाची वाक्यं कच्ची नव्हती हे वनमालालाही ठाऊक असणार.

मार्चात उस्मानाबादला परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला, वनमाला पास. मास्तरांनी पेढे आणले आणि ते सखूबाईच्या हाती आत पाठवले. पाटी मात्र त्यानंतर बाहेर आली नाही.

ऑगस्टात टपालाने सरकारी लखोटा आला. परंड्याच्या मुलींच्या शाळेत वनमालाला मास्तरणीची जागा मिळाली होती. अर्ज तिच्या सोलापूरच्या भावाने परस्पर भरला होता आणि मास्तरांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना राग आला. मला एका शब्दानं विचारलं नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि विचारलं असतं तर कुणाच्या तोंडून, हे मनात आलं नाही.

संध्याकाळी सखूबाई येताच ते रागाने म्हणाले, "परंड्याची ऑर्डर आली आहे. जायचं असलं तर खुशाल जावं म्हणावं. इथं कुणी पाय धरून ठेवले नाहीत."

त्यांना वाटलं होतं, आतून उत्तर येईल की नाही जात. निदान सखूबाई तरी शब्द जरा मऊ करून नेईल. अन्नपूर्णाबाई नेत असत. सून आत असली की मास्तरांच्या रागातला राग त्या वाटेतच काढून टाकत आणि सुनेपर्यंत नुसता मुद्दा पोचे. इतक्या वर्षांत मास्तरांना याचा पत्ता लागला नव्हता. सखूबाई प्रामाणिक बाई. तिने पाटी जशी नेली तसाच निरोप नेला, अक्षरही न पुसता.

"खुशाल जा म्हंत्यात. पाय धरून ठिवलं न्हाईत म्हंत्यात."

आत एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, "बरं म्हणावं."

पुढचे चार दिवस मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. वनमालाला नोकरी नको असं त्यांना वाटत नव्हतं. तिचं पुढं काय, ही काळजी त्यांनाही होती. पण या घरात आपण नकोसे झालो असं समजून तिनं जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. एकदा त्यांनी फळीवरची पाटी काढली, लिहिलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसून टाकलं. परीक्षा झालेल्या सुनेला पाटी कोणत्या तोंडानं पाठवायची? सखूबाईलाही दोनदा थांबवलं. "काय सांगू?" तिनं विचारलं. "काही नाही, जा," मास्तर म्हणाले.

जायच्या दिवशी नेमका सखूबाईला ताप भरला. हमालाच्या डोक्यावर ट्रंक, मागे मास्तर, त्यांच्या मागे दहा पावलांवर वनमाला, अशी वरात मोटारस्टँडवर पोचली. बार्शीपर्यंत मोटार आणि तिथून पुढं तिचा भाऊ परंड्याला नेणार होता. वनमाला खिडकीशी बसली. मास्तर खाली उभे. त्यांनी कंडक्टरला हाक मारली.

"या बाईंना सांगा, बार्शीला भाऊ दिसल्याशिवाय खाली उतरू नये म्हणावं."

कंडक्टरने आधी मास्तरांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "मास्तर, बाई तुमच्या म्होरंच बसल्यात की! तुमीच सांगा. मला तिकिटं फाडायची हायत."

तो गेला. मास्तरांनी इकडं तिकडं पाहिलं. पानवाला गिऱ्हाइकात होता. ओळखीचं कुणी नव्हतं. वनमाला डोक्यावरचा पदर धरून मांडीकडे पाहत होती.

"मामंजी," ती म्हणाली.

मास्तरांनी चमकून मागं वळून पाहिलं, कुणाला म्हणाली म्हणून. मागं कुणीच नव्हतं.

"मी तुम्हाला जड झाले होते का?"

बारा वर्षं ही मुलगी त्यांच्या घरात होती आणि तिचा आवाज इतका बारीक आहे हे त्यांना आज कळलं. रीत आठवली, बायको आठवली, लोक बघत असतील हेही आठवलं.

"नाही गं," ते म्हणाले. "मला करमायचं नाही, म्हणून तसं बोललो. एकट्याला लई जड जाईल बघ."

वनमालाने मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. पण हातात ऑर्डर होती, उद्या दहाला हजर व्हायचं होतं, आणि मोटार काही कुणासाठी थांबत नाही. ती निघाली. मास्तर धूळ खाली बसेपर्यंत उभे राहिले आणि मग एकटे घरी आले.

तिसऱ्या दिवशी सखूबाईचा ताप उतरला. तिने सोप्याच्या कडेला टेकून विचारलं, "जाताना बाई काय म्हन्ल्या वो?"

उभा जन्म मास्तरांनी पोरांना एकच धडा दिला होता, अमका तमक्याला काय म्हणाला ते सांगा.

"ते सांगायचं नाही, सखूबाई," ते म्हणाले. "ते ती मला म्हणाली."