अकरा कोऱ्या चौकटी

सराव परीक्षेचे निकाल पालकांना समजावून द्यायचं काम मीनाने आपणहून अंगावर घेतलं, त्यात तिला मिळणार होतं काय? बसायला खुर्ची, अर्धा कप चहा, आणि चौथीच्या बेचाळीस पोरांचे गुण डोळ्यांखालून घालायची सोय. शेवटच्या बाबीसाठी तिने चहासुद्धा सोडला असता.

कोपरखैरण्याच्या त्या शाळेत चौथीची स्कॉलरशिप तीन आठवड्यांवर आली होती, आणि निम्म्या पालकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मीना एकेकाला सांगत होती, "चारांतलं एक उत्तर बरोबर असतं. येत नसलं तर अंदाजाने लिहायचं. चुकलं तरी गुण कापत नाहीत. चौकट कोरी सोडायची नाही." घरी आपल्या लेकीकडून, ऋताकडूनही तिने हेच घोकून घेतलं होतं.

मग आली राजाबाई. नवरा हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी. तिने घडी घातलेली चिठ्ठी पुढे केली. लेक राजनंदिनी, तीनशेपैकी दोनशे एकेचाळीस.

ऋताला दोनशे सदतीस. चार गुणांचा फरक, आणि मीनाच्या पोटात चार ठिकाणी दुखलं. दोघी पोरी एकाच बाकावरच्या. इथे शिकवणी, टेबल-खुर्ची, रोजचे भिजवलेले बदाम. तिथे गोणपाटावरचा अभ्यास!

"ताई, बरं हाय का वाईट?"

"ठीक आहे हो." मीनाने आवाज खाली आणला. "एकच सांभाळा. येत नाही ते कोरं सोडायला सांगा. चुकलं की गुण कापतात."

"बरं झालं बाई, सांगितलंत. आमाला कोन सांगतंय?"

जूनमध्ये निकाल लागला. राजनंदिनीचं नाव यादीत होतं. ऋता दोन गुणांनी हुकली. संध्याकाळी राजाबाई पेढे घेऊन दारात.

"तुमी सांगितलं त्ये मी पोरीला सांगितलं, ताई. पर आमचं मालक ऐकत्यात व्हय? म्हनले, पोतं पाठीवर घेतल्याबिगर पेलतंय का न्हाई कसं कळंल? कापत्यात तर कापू देत. समदं लिही."

ती गेल्यावर मीना ऋताकडे वळली. "बघ! आणि तू?"

"मी अकरा सोडले."

"सोडले? मी काय घोकून घेतलं होतं?"

"मला लिही म्हणालीस, तिला सोड म्हणालीस." ऋताने पेढ्यांचा पुडा दूर सारला. "तिनेच बाकावर सांगितलं मला, तुझ्या आईने सांगितलंय म्हणून. मला वाटलं, खरी युक्ती तू तिलाच दिलीस. तिलाच का गं दिलीस?"



मीनाच्या त्या एका वाक्यापायी हौसेरावांच्या घरचं काही गेलं नाही. उलट पेढे तेच वाटून गेले. भरपाई केली ती ऋताने, अकरा चौकटींची.