कुत्रा येईपर्यंत

मागचं दार उघडलं तेव्हा व्हर्ली बटाटे सोलत होती. तिनं मान वळवली नाही. ओल्या, अनवाणी पावलांची फटफट स्वयंपाकघरातून जिन्याकडे गेली. जिन्याच्या खांबावर तळहाताच्या तीन थापा पडल्या. मग जिन्याखालच्या कोनाड्यात कुणीतरी अंग मुडपून बसलं आणि गुणगुणणं सुरू झालं. एक लांबलचक सूर आणि मागोमाग एकदम खोल उतरलेला दुसरा.

व्हर्लीच्या हातातली सुरी थांबली.

हा शेजारच्या डार्लाचा एमेट, सात वर्षांचा. बोलत नव्हता, कुणाला अंगाला हात लावू देत नव्हता आणि दार किलकिलं दिसलं की पळत सुटायचा. डॉक्टरांनी स्वमग्न म्हणून सांगितलं होतं. पळायचा मात्र दर वेळी व्हर्लीकडेच.

तो जे गुणगुणायचा, तो धक्क्यावरच्या जुन्या भोंग्याचा आवाज होता. धुकं उतरलं की होड्यांना वाट कळावी म्हणून वाजायचा तो. एमेट जन्मायच्या कितीतरी आधी तो भोंगा बंद करून भंगारात घातला होता. व्हर्लीचा डेल मात्र अस्साच गुणगुणायचा. याच कोनाड्यात बसून, आधी खांबाला थापा मारून. नऊ वर्षांचा असताना एका धुक्याच्या दुपारी डेल ओहोटीच्या चिखलात चालत गेला. गावासमोरच्या फंडीच्या उपसागरातली भरती घोड्यासारखी धावत येते. मागे त्याची टोपीसुद्धा मिळाली नाही. त्या काळी अशा मुलांच्या दुखण्याला नाव नव्हतं. गाव आपलं ‘व्हर्लीचं खुळं’ म्हणायचं.

हे थापांचं आणि सुरांचं व्हर्ली कुणाशी बोलली नव्हती. बोलली असती तर एमेटचं येणं थांबलं असतं, असं तिला वाटायचं.

“इथंच आहे ना गं मावशी?” डार्ला धापा टाकत दारात उभी होती. केस ओले, स्वेटर उलटा. “मी नुसती अंघोळीला गेले होते!”

“आहे, आहे. बस आधी. चहा टाकते.”

“एक दिवस हा तुझ्याकडे यायचा नाही बघ. सरळ पाण्याकडे...” डार्लानं जीभ चावली. “माफ कर मावशी. माझ्या तोंडाला काही धरबंदच नाही.”

“त्यात माफी कसली? पाणी आहेच की तिथं.”

चहा घेता घेता डार्लानं कुत्र्याचं सांगितलं. शहरात एक संस्था अशा मुलांसाठी कुत्रे शिकवून तयार करते. कुत्र्याच्या जाकिटाचा पट्टा मुलाच्या कमरेला बांधायचा. मूल पळायला लागलं की कुत्रा फतकल मारून बसतो.

“ढिम्म हलत नाही म्हणे! किती ओढ, किती रड.”

“म्हणजे मग हा कुठेच जाणार नाही?”

“कुठ्ठेच नाही!” डार्ला हसली. कितीतरी दिवसांत व्हर्लीनं तिला हसताना पाहिलं नव्हतं. “पण खर्च आपल्या आवाक्यातला नाही. वेंडेल म्हणतो, आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये गावजेवण ठेवू, येईल तो जमेल तेवढं टाकेल. फक्त मासे-बटाट्याचं ते दाट चाउडर तुझ्या हातचं पाहिजे मावशी. तुझं चाउडर म्हटलं की पलीकडच्या गावचेही येतील.”

“हात दुखतात गं हल्ली.”

डार्लानं सोललेल्या बटाट्यांनी भरलेल्या पातेल्याकडे पाहिलं.

वेंडेल गावच्या अग्निशामक दलाचा प्रमुख. दुकानात त्यानं व्हर्लीला गाठलंच. “काय व्हर्ली, कुत्र्याचं वावडं आहे का तुला? की चाउडर कसं करतात तेच विसरलीस?”

“विसरायला मी तुझ्याएवढी म्हातारी नाही झाले.”

“अगं, चार वर्षांनी लहान आहे मी तुझ्यापेक्षा!”

“थोबाडावरून वाटत नाही.”

दुकानातली माणसं हसली. व्हर्लीही हसली आणि पाव न घेताच घरी आली. तीस वर्षं तिनं कारखान्यात हेरिंग मासे डब्यांत भरले होते, नवरा पुरला होता, कुणाचं कधी वाईट चिंतलं नव्हतं. आणि आता एका लेकराला कुत्रा मिळू नये, असं तिच्या मनात येत होतं. तिची तिलाच शिसारी आली. तरी संध्याकाळी तिनं मागच्या दाराची कडी काढून ठेवली.

पुढच्याच आठवड्यात धुकं आलं. भरदुपारी समोरचं कुंपण दिसेना. एमेट आला, पण कोनाड्यात गेला नाही. सरळ तिच्यापाशी आला आणि त्यानं तिचा हात धरला. कुणालाही हात न लावणाऱ्या त्या मुलाची बोटं बर्फासारखी गार होती. तो तिला ओढत निघाला. दारातून, अंगणातून, गवत संपतं तिथून खाली, चिखलात.

व्हर्ली गेली. त्याला थांबवावं, डार्लाला हाक मारावी, यातलं काही तिला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचू दिलं नाही. चिखल घोट्यांपर्यंत आला. मागे घर उरलं नव्हतं, काठ उरला नव्हता. सगळीकडे नुसतं पांढरं.

मग गुणगुणणं ऐकू आलं. लांबलचक सूर आणि खोल उतरलेला दुसरा. तिनं एमेटकडे पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

आवाज समोरून येत होता.

“डेल?” ती म्हणाली.

आवाज थांबला. कुणीतरी कान देऊन ऐकावं तसा. मग पुन्हा सुरू झाला, थोडा आणखी पुढून. व्हर्लीनं पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं. पाऊल पाण्यात पडलं. पाणी हलत होतं, आत येत होतं. तिच्या हातात हात होता, तो डार्लाच्या मुलाचा.

“डेल, बाळा,” ती धुक्याला म्हणाली, “हा नाही यायचा. हा आपला नाही.”

तिनं एमेटला पाठीवर घातलं. तो किंचाळला, तिच्या खांद्याला कडकडून चावला, लाथा झाडत राहिला. ती पाण्याकडे पाठ करून चालत राहिली. मागून आवाज येत होता तोवर दिशा चुकत नव्हती. तो थांबला तेव्हा पायाखाली गवत होतं.

डार्ला रस्त्यावर ओरडत फिरत होती. तिच्या कडेवर मूल देऊन व्हर्ली म्हणाली, “चाउडर मी करते. मोठी पातेली आणायला सांग वेंडेलला.”

गावजेवणाला हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. चाउडर दोनदा संपलं. ब्लूबेरीचे केक लिलावात गेले. वेंडेलनं आभाराचं भाषण सुरू केलं, तेवढ्यात व्हर्ली ॲप्रनला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. डेल गेल्यापासून तिनं गावात त्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि गावानंही नाही.

“माझ्या डेलला तुम्ही ओळखत होतात,” ती म्हणाली. “खुळा नव्हता तो. त्याच्या कमरेला कुणी बांधलेलं नव्हतं, एवढंच.”

ती परत आत गेली आणि भांडी घासायला लागली.  बाहेर खुर्च्या सरकल्या, माणसं पैसे टाकायच्या डब्यापुढे पुन्हा रांगेत उभी राहिली.

कुत्रा यायला वर्ष लागलं. काळी, शांत लॅब्रॅडॉर कुत्री होती, नाव मॉस. एमेट व्हर्लीच्या घरी पुन्हा आला नाही. रस्त्यावरून जाताना तिच्या घराकडे पाहायचाही नाही. डार्ला हात करायची, व्हर्लीही करायची.

एकदाच धुक्यात डार्ला, एमेट आणि मॉस किनाऱ्याच्या रस्त्यानं चाललेली असताना एमेटनं चिखलाकडे जोराची ओढ घेतली. मॉस खाली बसली. त्यानं ओढलं, आरडाओरडा केला. ती हलली नाही. फक्त कान ताठ करून धुक्याकडे रोखून पाहत राहिली आणि एकदा, हलकेच, तिनं शेपूट हलवली. मग एमेटनं तिच्या मानेत तोंड खुपसलं.

“काय दिसलं गं हिला?” डार्लानं कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या व्हर्लीला विचारलं.

“समुद्रपक्षी असेल,” व्हर्ली म्हणाली. “जा घरी. गारठलंय पोर.”

ती तिघं वळणाआड गेल्यावर तिनं स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलली आणि गवत संपतं तिथवर नेऊन ठेवली. तिथपर्यंतच. हातमोजे घालून ती धुक्याकडे तोंड करून बसली. पाणी चढत चढत खुर्चीच्या पायांपाशी आलं, तेव्हा उठली आणि खुर्ची घेऊन घरी गेली.