न विचारता ओतलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे. पांढरा म्हणायची सवय आहे म्हणून पांढरा. खरा रंग आता सायीसारखा झाला आहे. माझे माप पाहिलेत तर हसाल. बाह्या तुमच्या दोन बोटांएवढ्या आणि घोळ मात्र असा लांब की मांडीवर घेतलेल्या बाळाच्या पायांखाली लोंबत राहावा. बाप्तिस्म्याचे झगे असेच असतात. बाळाला वाढायला जागा हवी, असे मला शिवणारा शिंपी म्हणायचा.

तो शिंपी जन्मभर गणवेश शिवत आला होता. जाड कापडाची सवय झालेल्या त्याच्या हातांना माझे तलम सूत पेलवेना. पहिल्या झटक्यात त्याने मला खांद्यावर पट्ट्या लावल्या. त्याची बायको म्हणाली, "अहो, लेकीला बाप्तिस्मा द्यायचाय, पलटणीत भरती नाही करायची." त्याने निमूटपणे टाके उसवले. महिन्याभराची ती लेक मला घालून चर्चमध्ये गेली. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतले. थोडे माझ्या गळ्यावर सांडले. ते माझे पहिले काम.

पुढे ती प्रसूतिगृहात परिचारिका झाली. जगण्याची आशा नसलेल्या बाळाला घाईने बाप्तिस्मा द्यायची मुभा तिच्या चर्चमध्ये कोणालाही होती, आणि आईबापांनी विनवले की ती वाटीभर पाणी घेऊन धावायची. घरी आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. फक्त त्या दिवशी मला कपाटातून बाहेर काढून पुन्हा घडी घालायची, आधीची रेघ मोडून. एकाच रेघेवर घडी राहिली की कापड तिथेच फाटते, हे तिला ठाऊक होते.

तिच्या लेकीनेही मला घातले. ती रडली नाही, जांभई दिली. पाहुण्यांनी माझे कौतुक केले. ते दिवस चांगले होते.

लेक शिकून ग्रंथालयात नोकरीला लागली, त्या सुमारास छातीवर नावाची पट्टी लावलेले दोन तरुण दारात आले. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात, त्यांच्या मंडळीचे.

"आई, त्यांना चहा चालत नाही," लेक म्हणाली.

"बरं, कॉफी टाकते."

"कॉफीही नाही."

"मग काय हवा खाऊन राहतात?"

आई हसत होती. लेक मात्र ऐकत बसली. तिच्या बाबांना जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते, आणि ते तरुण सांगत होते की कुटुंब मरणाने तुटत नाही, ते मंदिरात कायमचे जोडता येते. वर्षाच्या आत तिने त्यांचा बाप्तिस्मा घेतला, पाण्यात पूर्ण बुडून.

"तान्हेपणी तुला दिला होता तो वाया गेला का गं?" आईने विचारले.

"तसं नाही, आई. द्यायला अधिकार लागतो. तो मधल्या काळात हरवला होता, देवाने पुन्हा दिला, असं आम्ही मानतो."

आईच्या पाळकसाहेबांनाही हा नवा बाप्तिस्मा मान्य नव्हता. एकीकडचे पाणी दुसरीकडे चालत नव्हते. येशूवर मात्र दोघींचाही जीव होता.

मग इस्त्रीच्या मेजाशी दोघींचे वाद रंगू लागले. मी बहुतेक वेळा तिथेच पडलेला असे.

"तुमच्यात पिता, पुत्र आणि आत्मा तीन वेगळे?"

"हो, तिघं वेगळे, पण मनाने एक. पित्याला शरीरसुद्धा आहे, हाडामांसाचं."

"आमच्यात देव एकच. तिघंही तोच, आणि तरी तिघं."

"हे कसं काय?"

"पूर्ण कळलं असतं तर त्याला देव कशाला म्हटलं असतं?" आई इस्त्री फिरवत म्हणायची.

आईला बायबल पुरत होते. लेकीच्या हातात त्याच्या जोडीला आणखी एक ग्रंथ आला होता. संदेष्ट्यांचा काळ सरला असे आई मानायची. लेक म्हणायची, आजही एक आहे. आईकडे प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारस, लेकीकडे भाकर आणि साधे पाणी. आई या सगळ्याला मान डोलवायची. कुटुंब कायमचे, हे मात्र तिच्या गळी उतरेना.

"तुला आणि बाबांना कायमचं जोडता येईल, आई."

"कायमचं? घोरण्यासकट? आधी त्यांना विचार बाई. आत्ता कुठे त्यांना शांत झोप मिळतेय." मग आवाज खाली आणून ती म्हणायची, "तिथे सगळी एकाच बापाची लेकरं. गाठी मारायला कशाला हव्यात?"

लेकीचे लग्न त्यांच्या मंदिरात झाले. आत त्यांच्यातल्यांनाच जाता येते. आई बाहेर बागेत, मांडीवर पर्स घेऊन बसून राहिली. घरी आल्यावर तिने त्याबद्दलही चकार शब्द काढला नाही. फक्त माझी घडी बदलली.

नंतर नात झाली. लेकीच्या मंडळीत तान्ह्या बाळाला नाव आणि आशीर्वाद देतात. बाप्तिस्मा आठव्या वर्षानंतर, मुलाने स्वतः हो म्हटल्यावर. तोवर मूल निष्पाप. आईला ते ऐकायला बरे वाटायचे, पण रात्रपाळीतली बाळे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. एकदा नातीला थोडा ताप आला. लेक औषधाला बाहेर गेली आणि आईने मला बाहेर काढले. बाळाच्या अंगात मला घालून ती स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी गेली, पाणी कोमट केले आणि तिच्या डोक्यावर ओतले. मी चिंब भिजलो.

लेक लवकर परतली.

"केस कसे ओले? आई, काय केलंस?"

"अंग पुसलं जरा."

"या झग्यात?"

आईने माझी ओली बाही सरळ केली. मग म्हणाली, "दिला बाप्तिस्मा."

"त्याला काही अर्थ नाही! तुला अधिकारच नाही."

"अर्थ नाही तर चिडतेस कशाला?"

"मला विचारलं नाहीस म्हणून!" लेक ओरडली. "तिची आई मी आहे!"

पाळकसाहेबांनीही नंतर आईलाच सुनावले; साध्या तापासाठी ही मुभा नसते. त्या दिवशी मला कोणी वाळत घातले नाही. ओला असतानाच मी एका पिशवीत गेलो. माझ्या छातीवरचा तपकिरी डाग तेव्हाचा. लेकीचे येणे कमी झाले. आली की दोघी पडद्यांबद्दल बोलत, औषधांबद्दल बोलत. त्या पाण्याबद्दल नाही.

आई गेली तेव्हाही त्यावर बोलणे झालेले नव्हते.

घर आवरताना आईच्या बहिणीला, म्हणजे लेकीच्या मावशीला, मी सापडलो. लेकीने मला घरी नेले, मऊ साबणाने धुतले, सावलीत वाळवले. डाग गेला नाही. वर्ष उलटल्यावर एके दिवशी ती मला इस्त्री करत असताना तिचा नवरा शेजारी येऊन बसला. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो, आणि मग कुटुंबाला जोडता येते.

"मंदिरात आईंचं नाव द्यायचं ना?" त्याने हळूच विचारले. "त्यांच्यासाठी तूच पाण्यात उतरशील. त्यांच्यावर जबरदस्ती नाही. तिकडे त्या नाही म्हणू शकतात. आपण फक्त दार उघडायचं."

मावशी खुर्चीत बसली होती. "बिचारीने इथे इतकी वर्षं नाही म्हटलं," ती म्हणाली. "आता तिथेही म्हणत बसू द्यायचं का तिला?"

"मावशी, मला ती हवी आहे," लेक म्हणाली. "मी नाव दिलं नाही आणि आम्ही खरंच वेगळ्या झालो तर?"

"तिलाही हेच वाटलं होतं गं. म्हणून तर बाळाला मोरीपाशी नेलं."

लेकीने इस्त्री उभी केली. किती तरी वेळ ती माझ्या डागावर बोट फिरवत होती. मग नवऱ्याला म्हणाली, "नको. तिने मला विचारलं नाही म्हणून मी तिच्याशी धड बोलले नाही. आता तिला न विचारता मी कशी उतरू पाण्यात?"

"पण आता विचारणार कोणाला?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि तोंड माझ्यात खुपसून रडू लागली. मी तिच्या अश्रूंनीही भिजलो.

मित्रांनो, आम्हा कपड्यांना ओले ठेवून देऊ नका, अधूनमधून हवा दाखवा, घडीची रेघ बदला. आणि ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्यांच्यासाठी काही करायचे असेल, तर ती माणसे समोर आहेत तोवर त्यांना विचारा. नाही म्हणतील, भांडतील, पण उत्तर तरी देतील.

लेकीने अजून नाव दिलेले नाही. तिच्या श्रद्धेत या थांबण्याची किंमत फार मोठी आहे, आणि ती रोज मोजते आहे. प्रार्थनेला बसली की ती आईचे नाव घेते. पुढे काय मागावे, ते तिला सुचत नाही.